लावापालन, भाग ५ : सात ग्रॅमच्या पिल्लाचा पहिला आठवडा

मागच्या भागात आपण उबवणी यंत्रापर्यंत आलो होतो. सतराव्या-अठराव्या दिवशी जपानी लाव्याची अंडी फुटतात आणि सात-आठ ग्रॅमचे, अंगठ्याच्या पेराएवढे पिल्लू बाहेर येते. कोंबडीचे पिल्लू याच्या पाचपट भरते. कोंबड्या पाळून हात बसलेल्या माणसाची गफलत इथेच होते. तो सवयीने कोंबडीचेच भांडे आणि कोंबडीचेच खाद्य पुढे ठेवतो. चार दिवसांत मरतूक सुरू झाली की मग रोग शोधतो. अशा वेळी आधी दोन गोष्टी तपासा : पाणी खोल नाही ना, आणि दाणा मोठा नाही ना.

कोंबडीच्या पिल्लांसाठी केलेल्या भांड्यात लाव्याचे पिल्लू बुडते. बुडायचीही गरज नाही, नुसते अंग भिजले तरी ते गारठून दगावते. म्हणून भांड्याच्या पन्हळीत काचेच्या गोट्या किंवा स्वच्छ धुतलेले खडे भरायचे. चोच आत जावी, पाय जाऊ नये. आठवड्याने गोट्या काढल्या तरी चालते. बल्बखाली ३५ ते ३७ अंश ऊब हवीच, कारण गारठलेली पिल्ले दाण्याकडे वळत नाहीत, एकमेकांवर चढून चेंगरतात.

खाद्य पहिले दोन-तीन दिवस जमिनीवर पसरूनच द्यावे, कारण पिल्लाला भांडे अजून कळत नाही. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र मात्र नको. त्यावर पाय घसरतात, फाकतात आणि पुढे ते पिल्लू उभेच राहत नाही. नालीदार पुठ्ठा किंवा खरबरीत कापड उत्तम.

आता खाद्य कोणते? पाच आठवड्यांत हा पक्षी आठ ग्रॅमवरून दीडशे-दोनशे ग्रॅमवर जातो. त्या वाढीला पहिल्या तीन आठवड्यांत २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात. तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टरमध्ये ती साधारण २२-२३ टक्के असतात. टर्कीचे स्टार्टर मिळाले तर प्रश्नच मिटतो. नाहीतर साडेआठ किलो प्री-स्टार्टरला दीड किलो सोयाबीन पेंड मिसळून प्रथिने पंचविशीपर्यंत नेता येतात. पेंड मिसळली की खनिजे आणि जीवनसत्त्वे विरळ होतात, म्हणून त्यांचे मिश्रण किती घालायचे ते पशुवैद्यकाला विचारा. घरचे कच्चे सोयाबीन दळून घालण्याचा मोह विदर्भ-मराठवाड्यात अनेकांना होतो. तो टाळाच, कारण न भाजलेल्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. मिश्रण काहीही असो, ते पुन्हा दळून बारीक चाळणीतून काढायचे. मक्याचा एखादा मोठा तुकडाही पिल्लाला गिळता येत नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य उरले म्हणून पिल्लांना घालू नये. त्यात कवचासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असते, पिल्लाला एक टक्का पुरते. जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे निकामी होतात.

सगळ्यात मोठी भीती मला बुरशीची वाटते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की काही महिन्यांत मेल्या. तपासात धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत गेला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जगाला कळले. आपल्याकडे पावसात ओल्या झालेल्या मक्यात आणि दमट खोलीतल्या शेंगदाणा पेंडीत हेच विष तयार होते. असा मका वाळवला, भाजला तरी विष जात नाही. कुबट वास आला, गाठी झाल्या की ते पोते फेकून द्यावे. गाईला-बैलालाही घालू नये. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे.

पिल्लू पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-पाच ग्रॅमच खाते. तेव्हा खाद्य थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा द्या आणि विष्ठा पडलेले उरलेसुरले काढून टाका. लाव्यांमध्ये आतड्याला व्रण पाडणारा एक जिवाणूजन्य आजार विष्ठेतूनच पसरतो आणि एकदा शिरला की कळपातली बरीच पिल्ले घेऊन जातो. पाण्याची भांडी रोज घासा.

चौथ्या आठवड्यापासून प्रथिने २४ टक्क्यांवर आणता येतात. बदल मात्र एका दिवसात करू नका, चार-पाच दिवस जुने-नवे मिसळून द्या. याच सुमारास नरांच्या छातीवर तांबूस पिसे आणि माद्यांच्या छातीवर काळे ठिपके दिसू लागतात. नर-मादी वेगळे कसे आणि कधी करायचे, ते पुढच्या भागात.