रेंजफाइंडर घ्यायचाय? आधी कायदा बघा, मग आकडे

परदेशातल्या हरणांच्या शिकारीच्या रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावायचं, बटण दाबायचं, की हरीण किती अंतरावर आहे ते लगेच दिसतं. हाच रेंजफाइंडर. स्वस्तातले रेंजफाइंडर आता ऑनलाइन सहज मिळतात. पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहून ते घ्यावं का?

शिकारीसाठी चालेल का?

नाही. वैजापूर भागातलं काळवीट असो की गौताळा अभयारण्यातलं चिंकारा, दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्वोच्च संरक्षण आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. नुसता प्रयत्नही कायद्याने शिकारच. वापरलेलं वाहन आणि साहित्यही जप्त होतं.

काळविटांनी पीक खाल्लं तर?

तरीही मारता येत नाही. वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा. कुठे शिकार होताना दिसली, तर १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

मग हे यंत्र कोणाच्या कामाचं?

वन्यजीव अभ्यासकांच्या. देशातल्या व्याघ्रगणनेत वाघाच्या भक्ष्याची, म्हणजे चितळ-सांबरांची संख्या काढताना ठरलेल्या सरळ रेषेवरून चालतात. प्राणी दिसला, की रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा नोंदवतात. समजा, प्राणी १०० मीटरवर, रेषेशी ३० अंशांच्या कोनात आहे. म्हणजे तो रेषेपासून ५० मीटर दूर. अशा अनेक नोंदींवरून प्राण्यांची घनता काढली जाते. फोटोग्राफरनाही कळपापासून सुरक्षित अंतर राखायला याचा उपयोग होतो.

ते चालतं कसं?

यंत्र लेझरचा झोत सोडतं आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. १५० मीटरवर जाऊन यायला प्रकाशाला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो.

स्वस्तातलं निवडताना काय बघाल?

• खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. '१००० मीटर' ही क्षमता चकचकीत फलकासारख्या वस्तूसाठी असते. तपकिरी, केसाळ प्राण्यावर ती निम्मी किंवा त्याहूनही कमी होते. २०० मीटरपर्यंत मोजायचं असेल, तर ६०० चं पुरे.
• गोल्फसाठीचं यंत्र बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतं. म्हणजे हरणाऐवजी समोरच्या गवताचं अंतर दाखवेल. मागची वस्तू पकडण्याची सोय आहे का, ते विचारा.
• मीटरमध्ये मोजतं का? परदेशी यंत्रं अनेकदा यार्ड दाखवतात. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर.
• लेझर 'क्लास १', म्हणजे डोळ्यांना सुरक्षित आहे का, ते तपासा.
• बॅटरी आपल्या गावात मिळते का, हेही बघा.

गाडीच्या बंद काचेतून मोजू नका, आकडा चुकतो. अभयारण्यात नेण्याआधी वनविभागाला विचारा. आणि काळवीट मान वर करून तुमच्याकडे बघू लागलं, तर यंत्र काहीही सांगो, तुम्ही फार जवळ गेला आहात. तिथूनच मागे फिरा.