आकाशातली नजर, बांधावरची बाई

मैत्रिणींनो, मॅचिंगचा ब्लाऊजपीस आणताना तुमचंही असं होतं का? गुलमंडीतल्या दुकानात ट्यूबलाइटखाली साडीवर ठेवून पाहावा तर अगदी जुळतो, आणि घरी येऊन अंगणात उन्हात धरला की साडी डाळिंबी नि पीस विटकरी! माझी आई म्हणूनच साडी उचलून सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन बघायची. तेव्हा मला भारी लाज वाटायची. पण बाई बरोबर होती. दोन लाल रंग डोळ्यांना सारखे दिसले, तरी त्यांच्यावरून परत येणारा उजेड सारखा नसतो.

हे मला उमगलं ते भाचीमुळे. ती इथेच, आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्र विभागात शिकते. दिवाळीच्या फराळाला आली आणि चिवड्याची वाटी हातात घेऊनच म्हणाली, "मावशी, तुझ्या बचत गटातल्या कुणाच्या शेतात कपाशी आहे का? मला पानं मोजायचीत."

"पानं काय मोजायची? झाडाला असतील तेवढी असतील!" मी म्हटलं.

मग तिने समजावून सांगितलं. आपला डोळा काय किंवा साधा कॅमेरा काय, उजेडाचे तीनच ढोबळ भाग करतो. लाल, हिरवा, निळा. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा मात्र त्याच उजेडाचे शेकडो बारीक पट्टे करतो, आणि डोळ्याला मुळीच न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचेही करतो. मला आपली स्वयंपाकघरातली गोष्ट पटली. नवख्या सुनेला मसाल्याचा नुसता 'मसाल्याचा वास' येतो, पण मुरलेली सासू डबा उघडल्याबरोबर सांगते, धने जास्त झाले, दगडफूल कमी पडलं. तसंच हे. काळी माती, मुरूम, पाण्याने भरलेलं पान, तहानलेलं पान, प्रत्येकाचा परत येणारा उजेड वेगळा. निरोगी पान अवरक्त उजेड भरपूर परत फेकतं. ते आजारलं की हे गणित बदलतं. कपाशीवर लाल्या आला की आपण पान लाल झालेलं बघतो. ते लाल व्हायच्या आधीच ओळखता येईल का, हे भाचीला शोधायचंय.

हे यंत्र विमानात बसवतात, उपग्रहातही बसवतात. आणि इथेच मला गंमत वाटली, कारण हे काम कुण्या एका देशाचं नाहीच. अमेरिकेने २००० साली 'हायपेरियन' नावाचा असा कॅमेरा उपग्रहातून वर पाठवला. तो २०१७ पर्यंत चालला, आणि त्याची चित्रं जगभरातल्या अभ्यासकांना फुकट मिळाली. पण त्याला एका वेळी जमिनीची जेमतेम साडेसात किलोमीटर रुंदीची पट्टी दिसायची. आपला एक जिल्हा बघायचा तर किती खेपा! मग आपल्या इस्रोने २०१८ च्या नोव्हेंबरात 'हायसिस' सोडला, इटलीने २०१९ मध्ये 'प्रिझ्मा', जर्मनीने २०२२ मध्ये 'एनमॅप'. इटली आणि जर्मनीची चित्रंही नाव नोंदवलं की अभ्यासकांना विनामूल्य मिळतात. भिशीसारखंच म्हणा ना, ज्याने त्याने आपला वाटा टाकायचा आणि उपयोग सगळ्यांना.

या भिशीतला आपला सगळ्यात मोठा आनंदाचा दिवस तुम्हालाही आठवत असेल. २२ ऑक्टोबर २००८ ला 'चांद्रयान-१' उडालं. त्यावर अकरा उपकरणं होती, पाच आपली आणि सहा पाहुण्यांची. पाहुण्यांपैकी एक अमेरिकेचा हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा होता. चंद्रावरून परत येणाऱ्या उजेडातला एक ठरावीक पट्टा त्याला कमी पडलेला दिसला, आणि त्यावरून २००९ च्या सप्टेंबरात जगाला कळलं, की चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश आहे. यान आपलं, कॅमेरा त्यांचा.

पुढे पुन्हा तसंच झालं. २०१५-१६ च्या हिवाळ्यात नासाचं असंच उपकरण इस्रोच्या विमानात बसवून देशातल्या ५७ ठिकाणांवरून फिरवलं. वर विमान उडत असताना खाली शेतात, जंगलात माणसं उभी राहून मोजमाप करत होती. "खाली कशाला माणसं? वरून दिसतंय की!" मी विचारलं. भाची म्हणाली, "मावशी, वरून दिसतं, पण ते काय आहे हे खालच्यानेच सांगावं लागतं."

मला चटकन आपलं लोणार आठवलं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा उपग्रहाच्या चित्रांतही तो बदल स्वच्छ दिसला होता. पण कारण सापडलं ते बाटलीतल्या पाण्यात. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुने तपासले, तेव्हा कळलं की ही करणी खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांची.

शेताचं तर आणखी अवघड. हायपेरियनच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद तुकडा. आपल्या भाषेत नऊ गुंठे. आता आपल्याकडे नऊ गुंठ्यांत काय काय असतं ते सांगायला नको. कपाशी, मधे तुरीचं तास, बांधावर बोर, कोपऱ्यात दोन वाफे मेथीचे. या सगळ्याचा मिळून एकच ठिपका!

मला हे नुसतं कौतुकाचं वाटत नाही, त्याला कारण आहे. २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर कोसळला. पैठण तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईंची कपाशी पाण्यात उभी राहून सडली. नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं होतं. मोबाइल मुलाकडे, मुलगा पुण्याला कंपनीत. सातबारा अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. आम्ही धावपळ केली, पण मुदत गेली ती गेलीच. विम्याचा एक पैसा हाती आला नाही. त्या वर्षी त्यांनी कानातलं मोडलं.

आता २०२३ च्या खरिपापासून पीक विम्यात भात आणि गव्हाचं उत्पादन ठरवताना कमीत कमी ३० टक्के भाग उपग्रहासारख्या तंत्राच्या अंदाजाचा धरायचा, असं केंद्राने ठरवलं. ते उपग्रह साध्या कॅमेऱ्याचे असोत की या बारीक नजरेचे, सुरुवात भात-गव्हापासून झाली. चांगलंच आहे, आकाशातून बघणारा सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे बघत नाही. पण त्याने आपली कपाशी कपाशी म्हणून ओळखायला तर हवी!

म्हणून मी भाचीला घेऊन गेले ती त्याच ताईंच्या शेतात. आकाश निरभ्र आणि ऊन डोक्यावर हवं, म्हणून अकरा वाजता कामाला सुरुवात. दर थोड्या वेळाने यंत्र एका पांढऱ्याशुभ्र पाटीवर धरून उजेड जुळवून घ्यायचा. पाटीला बोट लावायचं नाही, ही भाचीची सक्त ताकीद. बायकांनी सोवळ्यातली पाटी म्हणून तिची थट्टा केली.

भाची सरळ ओळीने पानं घ्यायला लागली, तशी ताईंनी अडवलं. "तिथली नको. त्या अंगाला खाली मुरूम हाय, तिथं झाड आधी सुकतं. इथलं घे नि तिथलं घे, वेगवेगळं लिही." भाचीने दोन्हीकडची पानं मोजली. लॅपटॉपवर दोन रेघा उमटल्या. डोळ्यांना पानं सारखीच हिरवी दिसत होती, पण रेघा एका जागी चांगल्या फाकल्या होत्या. ताई वाकून बघत म्हणाल्या, "म्या सांगितलं नव्हतं का?"

वहीत 'शेतकऱ्याचे नाव' असा रकाना होता. भाचीने विचारलं, तेव्हा ताईंनी सवयीने नवऱ्याचं नाव सांगितलं, तिने ते लिहिलंही. मग मीच म्हटलं, अगं, पीक कुणी लावलंय? भाचीने ते नाव खोडून ताईंचं लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा जायचंय. तोवर तुरीला शेंगा धरतील.