विसार देण्याआधी घराची तपासणी करा

भवानी पेठेच्या लाकूड बाजारात आपला सुतार फळी उचलतो, ठोकतो, कडेला डोळा लावून वाक बघतो. नाना पेठेत गाडीचा जुना भाग घेणारा मिस्त्री तो हातात फिरवून पाहिल्याशिवाय खिशात हात घालत नाही. हाच माणूस घर घ्यायला निघाला की एक फेरी मारतो, रंग बघतो, एजंटाचे ऐकतो आणि विसार देऊन मोकळा होतो. शे-पाचशेच्या मालाची जेवढी चौकशी होते तेवढी जन्मभराच्या कमाईची होत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

इंग्लंडात घर घेणारा सौदा पक्का होण्याआधी स्वतःच्या खर्चाने तज्ज्ञ नेमून इमारत तपासून घेतो. आपल्याकडे सर्व्हे म्हटले की सर्व्हे नंबर किंवा जमिनीची मोजणी एवढेच आठवते. पुण्यात पहिले घर घेणाऱ्याने कागद, जागा आणि बांधकाम अशा तीन तपासण्या कराव्यात, आणि तिन्ही विसारापूर्वी कराव्यात, असे आमचे सांगणे आहे.

प्रथम कागद. पेठांतील मिळकतीला सिटी सर्व्हे नंबर असतो. तिची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून काढावी. कोंढव्यासारखी गावे १९९७ साली महापालिकेत आली, तिथे बहुधा सातबारा पाहावा लागतो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचावा. कूळ, बँकेचा बोजा, देवस्थान इनाम, वक्फ अशा नोंदी तिथे सापडतात. वकिलाकडून मागील ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि मूळ दस्त डोळ्यांनी पाहावेत. मूळ कागद विक्रेत्याच्या हाती नसतील, तर ते कुणाकडे गहाण आहेत हे विचारावे.

आपल्या घरांत एक अडचण नेहमीची आहे. वडील वारले, उताऱ्यावर भावांची नावे लागली, बहिणी सासरी गेल्या. शरीअतीप्रमाणे मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. महसुली नोंदीत नाव नाही म्हणून तो बुडत नाही. उद्या ती बहीण कोर्टात गेली तर घर घेणारा अडकतो. तोंडी हिब्याचेही तसेच. मुस्लिम कायद्याप्रमाणे केलेल्या हिब्याला नोंदणी लागत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०११ साली सांगितले. म्हणजे असा हिबा निबंधकाच्या दप्तरात सापडेलच असे नाही. म्हणून प्रत्यक्ष कब्जा कुणाचा आहे ते पाहावे आणि बहिणींसह सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. यात घेणाऱ्याचे रक्षण होते आणि बहिणीचा हक्कही राहतो.

दुसरी तपासणी जागेची. मोकळी जमीन असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करवून 'क' प्रत मागावी. गुंठेवारीचा तुकडा असेल तर नियमितीकरणाचा दाखला पाहावा. फ्लॅट असेल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र पाहावे. घरपट्टीची पावती पुरत नाही. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो, आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. मग फीत घेऊन खोल्या मोजाव्यात. चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरत नाहीत. चौरस फुटाला ७,००० रुपये दर धरला आणि ३० फूट कमी भरले, तर २,१०,००० रुपये फुकट गेले. ओढा जवळ असेल तर पूररेषा विचारावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले, हे पुणेकर विसरलेले नाहीत.

तिसरी तपासणी बांधकामाची. शक्य तर पावसाळ्यात जावे. संडास-बाथरूमखालचे छत, खिडक्यांचे कोपरे आणि गच्चीखालचा मजला पाहावा. गिलावा ठोकून पोकळ वाजतो का, स्लॅबची सळई गंजून बाहेर आली आहे का, ते बघावे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी संरचना तपासणी करावी, असे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत आहे. तो अहवाल मागावा. नसेल तर स्वतः अभियंता न्यावा.

नवीन इमारतीत महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मात्र 'नोटरी करून देतो' असे कुणी म्हणाले तर सरळ उठून यावे. नोटरीच्या कागदाने घराची मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो.

वकील आणि अभियंता यांची फी अनेकांना जड वाटते. पण दुकानाचे भांडवल आणि बायकोचे दागिने मोडून घर घेतले जाते. विक्रेता घाई करत असेल तर त्याला आठ दिवस मागावेत. माल खरा असेल तर तो आठ दिवसांत बिघडत नाही, हे व्यापाऱ्याला आम्ही सांगायला नको.