गाडीमागे घर: कडेमच्या काठी कुटुंबाचा मुक्काम

आपल्या बऱ्याच घरांतली मुले आता अमेरिकेत, कॅनडात आहेत. उन्हाळा लागला की त्यांचे फोटो येतात. मोटारीमागे जोडलेला ट्रेलर, त्यात झोपायची जागा, छोटा ओटा, बाहेर तळे आणि तळ्याकाठी खुर्च्या टाकून बसलेली नातवंडे. तिथल्या राज्य उद्यानांत अशा गाड्यांसाठी आखलेल्या जागा असतात. जागा आधी राखून ठेवायची, गाडी लावायची, दोन-तीन रात्री राहायचे, अशी ती पद्धत. ते पाहून इथल्या तरुण मंडळींना प्रश्न पडतो की आपल्याकडे असे का करता येऊ नये? तळे आहे, रान आहे, ट्रॉलीही घरची आहे. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

गाडीवर संसार लादून मुक्कामाला जाणे आपल्याला नवे नाही. आदिलाबाद, किनवट, राजुरा या मुलखात जत्रेला जायचे म्हणजे खाचर किंवा रेंगी जुंपायची, खाली कडबा, वर सतरंजी, शिध्याचे गाठोडे, पाण्याची घागर आणि बैलांची वैरण. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेत मेस्राम कुळातील गोंड कुटुंबे आजही बैलगाड्यांनी येतात, वडाखाली उतरतात आणि तिथेच चुली मांडतात. 1956 साली किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून गेले, 2016 साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार झाले. पण मुक्कामाची ही रीत सगळीकडे एकच राहिली.

ट्रेलर नीट भरायचा कसा, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. सगळे ओझे पुढे आले तर त्यांच्या मानेवर भार पडतो. मोटारीमागच्या ट्रेलरचा नियम हाच. जड सामान चाकांच्या थोडे पुढे, तळाला. हलके वर आणि मागे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या दांड्यावर आला पाहिजे. मागे जड झालेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ओढणारी गाडीही फिरवतो. निर्मलजवळचा महबूब घाट उतरताना हे ध्यानात ठेवावे. ट्रेलर मागून ढकलत असतो, म्हणून खालच्या गिअरमध्ये हळू उतरायचे. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ट्रॅक्टरची ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. तिला ना पट्टे, ना धड कठडा. ती उलटली की आतली माणसे खाली सापडतात. बायका-मुलांना ट्रॉलीत बसवून रानात नेण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ट्रॉलीत सामान आणि जीप किंवा बसमध्ये माणसे, एवढे पाळले तरी पुरे.

आता तळे. आदिलाबादहून निर्मल सुमारे 80 किलोमीटर. तिथून खानापूरमार्गे कडेम. हा जलाशय कडेम नदीवर आहे. बोथ, बाजारहत्नूरकडच्या डोंगरांतले पाणी घेऊन ही नदी येते, नेरडिगोंड्याजवळ कुंटाला धबधब्यावरून उडी घेते, पुढे धरणात साठते आणि त्यानंतर गोदावरीला मिळते. धरणाला 18 दरवाजे आहेत आणि सुमारे 68 हजार एकर जमीन त्याच्या पाण्यावर अवलंबून आहे.

काठावर राहू इच्छिणाऱ्याने इथले आकडे समजून घ्यावेत. पूर्ण भरलेल्या जलाशयात सुमारे 7.6 टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. जुलै 2022 मध्ये इथे सेकंदाला पाच लाख घनफुटांहून अधिक पाणी आले. हिशेब करा: त्या वेगाने अगदी रिकामे तळेसुद्धा सव्वाचार तासांत काठोकाठ भरेल. म्हणजे रात्री जेवून झोपावे आणि पहाटेच्या आत सगळा काठ पाण्याखाली जावा. त्या दिवशी आलेले पाणी दरवाजांच्या क्षमतेपेक्षा जास्त होते, खालची गावे रिकामी करावी लागली आणि धरण थोडक्यात वाचले. पुढच्याच वर्षी, जुलै 2023 मध्ये, पुन्हा तीच धास्ती. 1958 सालीही बांधकाम चालू असताना पाणी मातीच्या बांधावरून गेले होते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पावसाळ्यात काठावर मुक्काम नकोच. कडेमला आभाळ स्वच्छ असले म्हणून भागत नाही. पाऊस वर बोथकडे पडलेला असतो आणि पाणी इथे येते. दुसरी, धरणाखालच्या नदीपात्रात कोणत्याही महिन्यात तंबू ठोकू नये. दरवाजा उघडला की कोरडी वाळू बघता बघता बुडते. भोंगा ऐकू येईल, या भरवशावर लेकरांना घेऊन झोपू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पाणी संथ असते, हवा गार आणि परदेशी पाखरेही आलेली असतात. काठाचा ओला गाळ वरून घट्ट दिसला तरी पाय आत रुततो, म्हणून पोरांना पाण्याकडे एकटे सोडू नये.

तळ्याभोवतीचे रान कव्वाल व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातले आहे. 1965 पासूनचे हे अभयारण्य 2012 साली व्याघ्र प्रकल्प झाले. ताडोबा आणि टिपेश्वरचे वाघ पैनगंगा, प्राणहिता ओलांडून आपल्या मुलखात येतात, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून रानात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. अमेरिकेसारखी आखलेली ट्रेलरची जागाही इथे नाही. रात्री राहायचे तर कडेम आणि जन्नारम इथल्या पर्यटन महामंडळाच्या निवासांची आधी चौकशी करावी, गाडी तिथल्या आवारात लावावी आणि दिवसा काठावर जावे. रानातून जाणाऱ्या रस्त्यांच्या वेळा वन खात्याच्या नाक्यावर विचाराव्यात.

राहिला स्वयंपाक. रोडगे आणि वांग्याची भाजी याशिवाय बाहेरचा मुक्काम कसला, असे म्हणणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. पण रोडग्यांना गोवऱ्यांचा आर लागतो. हिवाळ्याअखेर सागाचा पालापाचोळा वाळलेला असतो, त्यात एक ठिणगी पुरते. राखीव वनात आग पेटवणे गुन्हाही आहे. तेव्हा रोडगे घरच्या शेतात भाजून न्यावेत, दोन दिवस चांगले राहतात. सोबत जवारीची भाकर, ठेचा आणि तिळाची चटणी. उरलेसुरले अन्न आणि पत्रावळी पोत्यात भरून परत आणाव्यात. उष्ट्याच्या वासाने आधी डुकरे येतात आणि त्यांच्या मागावर दुसरे जनावर.

निघण्यापूर्वी घरात कोणी आजोबा किंवा आजी बैलगाडीने जत्रेला गेलेल्या असतील तर त्यांना सामानाजवळ बसवून विचारावे की काय आधी चढवायचे आणि काय शेवटी. पाणी शेवटी चढवा, कारण उतरल्यावर पहिल्यांदा तेच लागते, असे त्या सांगतील. कंदिलाच्या जागी आता बॅटरी आली आहे, बाकी यादीत फारसा फरक पडणार नाही.