दोन आण्यांचा चहा खरंच स्वस्त होता का?

जुन्या गोष्टींमध्ये माणसं हॉटेलात जातात, दोन आण्यांचा चहा पितात आणि खुशीत बाहेर पडतात. दोन आणे! आज टपरीवरच्या चहालाही दहा-पंधरा रुपये पडतात. मग त्या काळी चहा जवळजवळ फुकटच मिळायचा की काय?

आधी आणे म्हणजे काय ते पाहू. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयात १९२ पै! दोन आण्यांचं नाणं म्हणजे चवली, चार आण्यांचं पावली आणि आठ आण्यांचं अधेली.

१ एप्रिल १९५७ पासून हे सगळं बदललं. रुपया तोच राहिला, पण त्याचे १०० 'नवे पैसे' झाले. आता १०० ला १६ ने भागून बघा. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे! पाव पैशाचं नाणं तर नव्हतंच. म्हणून नियम ठरला: उरलेला भाग अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर अख्खा पैसा धरायचा. त्यामुळे एका आण्याचे झाले ६ पैसे, दोनचे १२, तीनचे १९ आणि चारचे बरोबर २५.

या नियमातून एक मजेदार गोष्ट घडते. समजा, एका हॉटेलात चहा एक आण्याला आहे आणि तीन मित्र चहा प्यायले. प्रत्येकाने आपापले पैसे दिले तर ६ + ६ + ६, म्हणजे १८ पैसे. पण एकानेच तिघांचे मिळून तीन आणे चुकते केले तर १९! चहा तेवढाच, तरी एक पैसा जास्त. चार मित्र असते तर २४ की २५? जुनी नाणीही काही काळ चालू होती, त्यामुळे गल्ल्यावर बसणाऱ्याला दोन्ही हिशेब डोक्यात ठेवावे लागत. मला तर त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं.

म्हणजे आपला दोन आण्यांचा चहा झाला १२ पैशांचा. समजा, ही गोष्ट १९६० ची आहे. पण तेव्हाचे १२ पैसे आणि आजचे १२ पैसे सारखे नाहीत, कारण मधल्या काळात महागाई वाढली. ती किती वाढली, हे मोजणारं सरकारी कार्यालय आहे, लेबर ब्युरो. त्यांच्यासाठी माणसं ठरावीक शहरांतल्या बाजारांत जाऊन धान्य, कपडे, औषधं अशा कितीतरी वस्तूंचे भाव लिहून घेतात. त्यावरून दर महिन्याला एक आकडा निघतो, त्याला म्हणतात ग्राहक किंमत निर्देशांक. १९६० चा आकडा १०० धरला, तर २०२४ च्या अखेरीस तो साधारण ९,४०० होतो. म्हणजे भाव सुमारे ९४ पट झाले!

आता गुणाकार करा. १२ पैसे × ९४ = ११२८ पैसे. म्हणजे ११ रुपये २८ पैसे! आजच्या टपरीवरच्या भावाच्या किती जवळ आलो बघा. ऐकायला फुकटासारखा वाटणारा चहा महागाईच्या हिशेबाने जवळजवळ आजच्याइतक्याच किमतीचा होता.

घरातल्या मोठ्यांना विचारून तुम्हीही असा हिशेब करून पाहा. आठवण १९६० च्या आसपासची असेल तर ९४ ने गुणा, १९८२ ची असेल तर साधारण १९ ने. कुणी सांगितलं, १९६० मध्ये डोसा आठ आण्यांना होता, तर आठ आणे म्हणजे ५० पैसे, आणि उत्तर येईल ४७ रुपये. तुमच्या जवळच्या हॉटेलात तो नव्वदला मिळत असेल, तर डोसा महागाईच्याही पुढे धावला. असं का झालं असेल? डोशाच्या किमतीत तांदूळ आणि उडीद डाळ असतेच, पण तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचा पगार, गॅस आणि हॉटेलच्या जागेचं भाडंही असतं. यातलं काय सर्वांत जास्त वाढलं, हे तुमच्या हॉटेलवाल्या काकांना विचारा. त्यांना नक्की माहीत असेल.