माळव्यातील अफूचा चोरटा व्यापार

ईस्ट इंडिया कंपनीचे निर्बंध चुकवून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यातील अफूची पश्चिम किनाऱ्याकडे व तेथून चीनकडे झालेली वाहतूक व विक्री. नियंत्रित शेतमालाच्या बेकायदेशीर व्यापाराचे हे भारतातील एक ठळक उदाहरण होय.

वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये बंगाल व बिहारमधील अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. पुढे तेथील शेतकऱ्याने परवान्यावर पीक घ्यावे, आगाऊ रक्कम उचलावी व सर्व चीक ठराविक भावाने कंपनीस द्यावा, अशी पद्धत रूढ झाली. हा भाव आणि कलकत्त्याच्या लिलावातील किंमत यांतील मोठी तफावत हाच कंपनीचा नफा होता. माळव्यातील अफू मात्र शिंदे, होळकर इ. संस्थानिकांच्या मुलखात पिकत असल्याने ती या मक्त्याबाहेर राहिली. तेथील सावकार शेतकऱ्यास उचल देत आणि इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांच्या हुंड्यांवर माल मुंबईकडे जाई. चीनच्या बाजारात तिची बंगालच्या अफूशी स्पर्धा सुरू होताच मुंबई बंदरातून तिच्या निर्यातीस मनाई करण्यात आली. त्यामुळे व्यापार थांबला नाही. त्याने फक्त वाट बदलली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण हे त्याचे मुख्य बंदर बनले. गुजरातमधील वाटांवर चौक्या बसल्यावर उंटांचे तांडे पाली, जैसलमीरमार्गे कराचीस व तेथून गलबते दमणला जाऊ लागली. मुंबईतील अनेक व्यापाऱ्यांचे भांडवल या व्यवहारात गुंतले होते.

सुमारे १८२१ पासून कंपनीने माळव्यात स्वतः खरेदी आरंभिली. पण त्यामुळे भाव चढून लागवड वाढली. नंतर काही संस्थानांशी करार करून लागवड व वाहतूक यांवर बंधने घालण्यात आली. शिंद्यांनी असा करार नाकारला आणि नाकेबंदीचा जाच शेतकरी, सावकार व संस्थानिक या सर्वांस झाल्याने असंतोष वाढला. अखेर १८३०-३१ मध्ये बंदी उठवून दर पेटीस (सु. ६३ किग्रॅ.) १७५ रु. शुल्क घेऊन मुंबईचा परवाना देण्याची पद्धत सुरू झाली. तरीही कराचीची लांबची वाट शुल्कापेक्षा स्वस्त पडत असल्याने १८३५ मध्ये ते १२५ रु. करावे लागले. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर ती वाट बंद झाली व शुल्क १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेले. म्हणजेच शुल्काची मर्यादा कायद्यापेक्षा आडवाटेच्या खर्चावरून ठरत होती.

मुंबईत परवान्याने वैध ठरलेली हीच अफू चीनच्या किनाऱ्यावर चोरटा माल ठरे. तेथे १८५८ मध्ये तिच्या आयातीस कायदेशीर मान्यता मिळाली. १९०७ च्या करारानुसार भारतातून चीनला होणारी निर्यात क्रमाने घटवून १९१३ मध्ये थांबविण्यात आली.

स्वतंत्र भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांतील ठरावीक क्षेत्रांतच परवान्याने हे पीक घेता येते आणि सर्व चीक शासनास द्यावा लागतो. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने याबाबतच्या शिक्षा कडक केल्या. तथापि शासकीय भाव व चोरट्या बाजारातील भाव यांतील अंतर टिकून असल्याने गळतीचे मूळ कारणही टिकून आहे.