पिंग ठीक, फाइल ढिम्म
(सर्व्हरशी ओळख : लेखांक ९)

"सर्व्हर काहून असा रेंगून राहिला भाऊ? परवापर्यंत तं बरा होता!" तिगावातल्या एका आडत्याचा हा फोन. संत्र्याचा हंगाम, दारात गाड्यांची रांग आणि रोजचा ४० जीबीचा बॅकअप तासभर लांबलेला. त्याच्या भाच्याने तोवर रॅम वाढवून पाहिली होती, विंडोज सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला होता. पिंग मात्र झकास येत होतं.

पिंगवर जाऊ नका. विंडोजचं पिंग म्हणजे ३२ बाइटची चिठ्ठी. चिठ्ठी सायकलवरही वेळेत पोचते; आपला प्रश्न ट्रकभर मालाचा आहे. मी एवढंच विचारलं, "फाइल कॉपी होताना आकडा किती दिसतो?" उत्तर आलं, "अकरा एमबी."

हा आकडा लक्षात ठेवा. गिगाबिट नेटवर्क कार्डावरून सेकंदाला साधारण ११० एमबी जायला हवेत. ११ दिसले की समजायचं, कार्ड १०० मेगाबिटवर उतरलंय. खात्री करायला पॉवरशेलमध्ये 'गेट-नेटअ‍ॅडॉप्टर' आणि लिनक्सवर 'इथटूल' हे दोन हुकूम पुरतात. दोन्ही लिंकचा वेग स्वच्छ सांगतात.

गुन्हेगार वायरीत सापडला. लॅनच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटला नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. आदल्या दिवशी कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने नवी वायर ओढायचा कंटाळा करून निळी-तपकिरी सोलून कॅमेऱ्याला दिली होती. अशा वेळी बहुतेक कार्डं तक्रार न करता १०० वर येतात, दिवा लुकलुकत राहतो. संत्र्याच्या मुलखात नारिंगीवरच भागवलं, म्हणायचं! कॅमेऱ्याला वेगळी वायर दिली, चारही जोड्या परत जागेवर बसवल्या आणि बॅकअप सहा-सात मिनिटांवर आला.

दुसरा रोग याहून दगाबाज : डुप्लेक्सचा बेबनाव. तिगाव स्टेशनावरून जाणाऱ्या नागपूर–इटारसी मार्गावर जायला-यायला वेगळे रूळ आहेत, त्यामुळे जाणारी गाडी येणारीसाठी खोळंबत नाही. हा झाला फुल डुप्लेक्स. हाफ डुप्लेक्स म्हणजे एकेरी मार्ग, एकाने थांबायचं तेव्हा दुसऱ्याने निघायचं. आता कुणी हौशी माणूस सर्व्हरवर '१०० फुल' असं हाताने पक्कं करतो आणि स्विच 'ऑटो'वरच राहतो. स्विचला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. एक टोक दुहेरी समजून गाड्या सोडतंय, दुसरं एकेरी समजून. वर्दळ नसताना काही बिघडत नाही. मोठी फाइल निघाली की टक्कर होते, स्विचकडे लेट कोलिजन आणि सर्व्हरकडे सीआरसी एरर वाढत जातात, वेग पार केबीत येतो. 'ऑटोवर भरवसा नको' हा सल्ला जुन्या स्विचांच्या काळातला आहे. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ साली आलं, त्यात ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा, हाताला खाज सुटली तरी.

वेग १ गिगाबिट आहे, एरर शून्य आहेत, तरी फाइल हलत नाही? मग 'आयपर्फ३' चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त जाळं मोजतं. ९४०च्या आसपास मेगाबिट आले तर नेटवर्क कार्डाला सोडा आणि डिस्ककडे वळा. ते मागच्या लेखांकात झालंय. कमी आले तर ड्रायव्हर तपासा. हायपर-व्हीवर व्हर्च्युअल मशीनच तेवढं रेंगाळत असेल, तर 'व्हीएमक्यू' ही सोय बंद करून पाहा. काही गिगाबिट कार्डांच्या ड्रायव्हरशी तिचं जमत नाही. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर.

तोवर कुणाचा सर्व्हर रेंगाळत असेल, तर जरूर कळवा. पण 'स्लो आहे' एवढंच लिहू नका. लिंकचा वेग, डुप्लेक्स आणि एररचा आकडा, हे तिन्ही लिहा.